घारीची नवकारसी



गेल्या आठवड्यात आमच्याकडे मुगाचे पापड झाले. साडेआठला पहिली चटई गच्चीवर गेली आणि राखणीला मी बसले. समोरच्या मोबाईल टॉवरवर एक घार पंख किंचित सैल सोडून बसली होती. साडेनऊपर्यंत जागची हलली नाही. मग उठली, पाच-सहा वेळा पंख मारले, बाजारातल्या तापलेल्या पत्र्यांवर आली आणि तिथून पंख न हलवता गोल गोल फिरत वर गेली. बघता बघता ठिपका झाली. सासूबाई म्हणाल्या, "हिची नवकारसी फार लांबते गं!"

आम्ही दोघी हसलो, पण मला जानेवारी आठवला.

किंक्रांतीच्या सकाळी आमच्या घरामागच्या लिंबावर एक घार लटकलेली दिसली. डाव्या पंखात मांजा रुतला होता. तो कुणाचा, हे मी सांगू शकत नाही. पण आदल्या संध्याकाळी माझा मुलगा आमच्याच गच्चीवरून पतंग उडवत होता आणि त्याचा पतंग कटून त्याच लिंबात अडकला होता. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय. आपला मांजा सुती आहे ना, एवढं पाहून मी निर्धास्त होते. सुती दोऱ्यालाही काचेची पूड लावलेली असते, हे मी विचारलंच नाही. आणि आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही!

वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला. पक्षी वाचवण्याचं काम करणारा एक मुलगा तासाभरात येतो म्हणाला, तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी बळंच पाजू नका. त्याने अलगद दोरा कापला. हाड शाबूत होतं, कातडी फाटली होती. बरं व्हायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाला. मी म्हटलं, इथेच ठेवू, मी करीन तिचं. तो संकोचून म्हणाला, "ताई, ती मांस खाते."

स्वयंपाकघरात क्षणभर शांतता झाली. शेवटी सासूबाईच बोलल्या, "ते आपल्या घरात यायचं नाही. पण म्हणून तिला उपाशीही ठेवायचं नाही. घेऊन जा बाबा, औषधाचे पैसे आमच्याकडून घे." काही मैत्रिणींना हे पटणार नाही. मला त्या दिवशी दुसरं उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

जाता जाता मी त्याला विचारलं, एवढं मोठं आभाळ असताना ही मांज्यात सापडलीच कशी? तो म्हणाला, "थंडीत सकाळ-संध्याकाळ त्या खालूनच उडतात, ताई." मग त्याने जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी नीट लिहितेय, कारण आपल्या गच्च्यांशी त्याचा संबंध आहे.

घार स्वतःच्या ताकदीवर फार वर जात नाही. तिला हवा वर नेते. उन्हाने जमीन तापली की तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि खांबासारखी वर चढते. घार त्या खांबातच राहण्यासाठी गोल फिरते. वर पोचली की पंख पसरून पुढे घसरत जाते आणि दुसरा खांब शोधते. पंख मारायला लागत नाहीत म्हणून दमणूक कमी. जानेवारीत जमीन उशिरा तापते आणि लवकर निवते. झाडावरून निघताना आणि रात्री परतताना मात्र हे खांब नसतात. तेव्हा ती पंख मारत, झाडा-घरांच्या उंचीवरून जाते. म्हणजे नेमकी आपल्या पोरांच्या दोऱ्याच्या उंचीवरून. बगळे, पोपट, पारवे यांचीही जा-ये त्याच वेळची.

त्यानंतर माहेरी दौंडला गेले तर गाडीच्या खिडकीतून हेच बघत बसले. न्हावऱ्याच्या आसपासच्या उघड्या माळावर घारी उंच तरंगत होत्या. पुढे भीमेकडे ऊस लागला, तशा त्या कमी झाल्या. ओली, हिरवी जमीन माळासारखी तापत नाही. एका ठिकाणी मात्र पंधरा-वीस घारी एकत्र फिरत होत्या. खाली पाचट पेटवलेलं. जाळाची गरम हवा आणि जाळातून पळणारे किडे-उंदीर, दोन्ही त्यांना आयतं मिळतं. मी मान फिरवली. आपण मुहपत्ती बांधून वायुकायेचा विचार करणारी माणसं, पण हवा चढते-उतरते आणि तिच्यावर कुणाचा तरी दिवस ठरतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घार सोडायचं ठरलं. सासूबाईंनी सकाळी साडेसातचा चांगला वेळ काढून ठेवला होता. तो मुलगा म्हणाला, अकराच्या आधी नको. आधीच तीन आठवडे पंख बांधल्यासारखे, त्यात थंड हवेत सोडली तर दमून खाली बसेल, कुत्री धरतील. सासूबाई जरा नाराज झाल्या. मग सामायिक करून, माळ हातात घेऊन गाडीत येऊन बसल्या.

गावाबाहेरच्या माळावर खोकं उघडलं. घार बाहेर आली, धडपडत पन्नास पावलं उडाली आणि बाभळीवर बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझ्या मुलाने माझा हात घट्ट धरला होता. एक शब्द बोलत नव्हता. आभाळात दूर दुसरी एक घार फिरत होती. आमची त्या दिशेला निघाली, जोरजोरात पंख मारत, आणि एका जागी अचानक पंख थांबले. पहिला फेरा वाकडा झाला. दुसरा बरा. त्यानंतरचे मी मोजले नाहीत. सासूबाईंचा नवकार चालू होता.

यंदाच्या संक्रांतीला आमच्या गच्चीवर साधाच दोरा असेल, आणि तोही सकाळी दहानंतर, दुपारी चारपर्यंत. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं तेव्हा एकीने लिहिलं, मग मजा काय राहिली? मी उत्तर दिलं नाही. मुलाने आणि त्याच्या मित्रांनी आकडी लावलेल्या बांबूने गल्लीतल्या झाडांवरचा मांजा काढला. फक्त आमच्या लिंबावरून निघालेला गुंता नारळाएवढा होता.