सागाचे बी

सागाचे बी म्हणून आपण जे हाती घेतो, ते वास्तविक फळच होय. बोराएवढे, वर तपकिरी लव आणि आत दगडासारखी आठळी. तिच्यात चार कप्पे असतात. परंतु बहुधा एकदोनच बिया भरतात. हे कवच कोंबाला सहजासहजी वाट देत नाही. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली, तेव्हा प्रारंभी बी रुजेचना. पुढे चातू मेनन यांनी रोपे सिद्ध केली. तेथील १८४६ सालच्या लागवडीतील साग अद्याप उभे आहेत.

उपाय तसा साधा. फळे रात्री पाण्यात भिजवावी, दिवसा उन्हात वाळवावी. असे आठदहा दिवस चालवावे.

मी मुख्याध्यापक असताना सातवीच्या मुलांनी शाळेमागे असा वाफा केला. पाऊस लागला; दोनशे फळांतून अवघी अकरा रोपे वर आली. "आता येथे वांगी लावू," असे एका पालकांनी सुचविले. (वांग्यांना माझीही ना नव्हती!) मुले मात्र हटून बसली. काही आठळ्या पुढल्या पावसाळ्यापर्यंत निजून राहतात, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकले होते.

मे महिना आला. वाफा कोरडाच होता. काही मुले तर दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. मग मृगाच्या सरी कोसळल्या. पंधरवड्याने शिपाई धावत आला, "गुरुजी, मोजायला चला!" आम्ही मोजली, नवी एकोणतीस रोपे! परगावी गेलेल्या मुलांना मी त्याच दिवशी पोस्टकार्डे टाकली.