पलीकडचे शेत आणि फायबरची होडी

खाडीकाठच्या आम्हा शेतकऱ्यांची ही अडचण देशावरच्या वाचकांना नवलाची वाटेल. आमचे घर वाशिष्ठीच्या अलीकडच्या काठावर आणि भाताचे दीड एकर शेत पलीकडे. होडीने वीस मिनिटे लागतात. पुलावरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो. पाण्यात उतरून जाण्याची सोय नाही. खोली तर आहेच, शिवाय या खाडीत मगरी आहेत. तेव्हा होडी गेली की शेत गेले, असा सरळ हिशेब.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, त्याच पुरात आमची अठरा फुटी फायबरची होडी दोर तोडून दगडांवर आपटली. तळाला हातभर चीर गेली आणि इंजिन बसते ती मागची फळी डुगडुगू लागली. होडी रातांब्याखाली पडली ती पडलीच. 2022 ची लावणी शेजाऱ्यांची होडी उसनी घेऊन केली. 2023 साली तीही मिळाली नाही, शेत पडीक राहिले. मग जमिनीला गिऱ्हाईक आले. मामंजी बोलले काही नाहीत, पण त्या रात्री ताटावरून तसेच उठले.

मुंबईचे दीर म्हणाले, "भंगारात घाला." आमच्या घरच्यांनी मात्र होडी दुरुस्त करणारा एक ओळखीचा कारागीर आणून दाखवला. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तशी त्याने नाण्याने सगळी होडी वाजवली. चांगल्या जागी टणटण आवाज येई, मागच्या फळीवर मात्र भद्द. फायबर सडत नाही म्हणतात ते खरे, पण त्या फळीच्या पोटात प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते आणि लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरून होडी धडधाकट दिसते.

फेब्रुवारी 2024 मध्ये काम काढले. आतला फायबरचा थर कापून कुजके प्लायवूड खरवडून काढले. दोन घमेली काळा चिखलच निघाला म्हणा ना! मग वाळवणे. पुरुष मंडळींना इथे भारी घाई. ओल राहिली तर रेझिन धरत नाही, काही दिवसांनी पापुद्रा सुटतो. मी पापडांचा प्लास्टिकचा कागद त्या जागेवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवी. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले की अजून ओल आहे. तीन आठवडे थेंब दिसत होते, तीन आठवडे मी कोणाला हात लावू दिला नाही.

चीर नुसती वरून लिंपून भागत नाही. दोन्ही बाजूंनी उतार देत घासावी लागते. पाव इंच जाडीला सुमारे तीन इंचांचा उतार. मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर एकावर एक, मधली हवा दाबून काढत. या घासण्याची धूळ म्हणजे काचेची कुसे. नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. भगिनींनो, ते कपडे पोरांच्या कपड्यांत धुऊ नका, घरभर खाज सुटेल.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, एक कोबाल्टची आणि एक हार्डनरची. या दोन्ही एकमेकींत कधीही थेट ओतू नयेत, भडका होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे, हार्डनर त्यानंतर. किलोला 10 ते 20 ग्रॅम, उन्हाळ्यात कमीच. डब्यात उरलेले रेझिन आपोआप तापते, धूर निघतो. म्हणून हे काम अंगणात, चुलीपासून लांब. बाटल्या आम्ही कडीकुलपात ठेवल्या.

नवे मरीन प्लायवूड बसवताना त्याच्या कडा आणि बोल्टची भोके रेझिनने बंद केली. मूळ रोग तिथलाच होता. पुढे होडी बाकांवर ठेवून आत वीतभर पाणी भरले आणि खालून कोरडा हात फिरवला. एकच थेंब सापडला, तोही जुन्या खिळ्यापाशी.

इंजिनाचे काम मेकॅनिककडे दिले. खालच्या पेटीतले तेल दुधासारखे झाले होते, म्हणजे सील गेले होते. पाणी ओढणारा रबरी पंखाही बदलावा लागला. सगळे मिळून 25,000 च्या आत आटोपले. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले.

त्या जुलैत तरव्याच्या मुठी घेऊन पहिली खेप पलीकडे गेली. मामंजी पुढे बसले होते, लाकडी होडीची सर याला नाही असे वाटभर सांगत. आता खेप संपली की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटे चालवायचे, आतले मीठ धुऊन निघते. पिंप भरण्याचे काम अर्थात माझ्याकडे आले आहे.