छातीत कळ आली तर

आपल्याकडे छातीत दुखू लागले की पहिला संशय आदल्या दिवशीच्या जेवणावर जातो. ‘पित्त झाले असेल’, ‘वायू धरला असेल’ असे म्हणत कोणी ओवा पुढे करतो, कोणी सोडा. या उपचारांमागे माया असते, हे मी जाणतो. परंतु हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर तेथील स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर तो स्नायू मरू लागतो. ओव्याची वाट पाहण्यास तेथे सवड नसते.

छातीच्या मध्यभागी ओझे ठेवल्यासारखा दाब, हातात, जबड्यात वा पाठीत पसरणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ ही या झटक्याची लक्षणे होत. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात ती पुष्कळदा अस्पष्ट असतात. आमच्या शेजारच्या मावशींना कळ अशी आलीच नाही. पहाटे घाम फुटला आणि बसल्या जागी धाप लागली, एवढेच. मुले म्हणाली, ‘उजाडले की पाहू.’ धाकट्या सुनेने मात्र कोणाचे न ऐकता रुग्णवाहिका बोलावली. तिचा हट्ट घरात कोणालाच रुचला नाही. पण इस्पितळात हृदयालेख काढताच झटका असल्याचे निष्पन्न झाले आणि वेळेवर उपचार होऊन मावशी वाचल्या.

अशा प्रसंगी देशात कोठेही ११२ वा बहुतेक राज्यांत १०८ हा क्रमांक लावावा. रोग्याला चालवू नये, टेकून बसवावे. ॲस्पिरिन द्यावी की नाही, हे फोनवरच विचारून घ्यावे.

रोगी कोसळला, हाकेला ओ देईना आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजावे. मदतीची हाक देऊन त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी आणि मदत पोचेपर्यंत थांबू नये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कोवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली ही रीत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिले तर विद्युत्-अभियंते होते. तिला यंत्र लागत नाही. घरातील कोणाही जाणत्या माणसाला ती शिकता येते, आणि शिकून ठेवावी.

इस्पितळात जाऊन अखेर पित्तच निघाले, तर चार लोक हसतील. ते खुशाल हसू द्यावेत.