तयार आख्यान

सलग चौथ्या शनिवारी मी ग्रुपवर तोच मेसेज टाकला. "सॉरी मंडळी, ह्या वीकांताला तयारी झाली नाही. पुढच्या शनिवारी नक्की." खाली तीन अंगठे आले. चौथा, लातूरवाल्याचा, आलाच नाही. त्याचा डायरेक्ट फोन आला.

पण ते नंतर. आधी हा काय प्रकार आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन लोकांनी तो १९७४ साली काढला. ह्यात पट नसला तरी चालतो. चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण सूत्रधार असतो, म्हणजे गेम मास्टर. तो सांगतो, "समोर पडका वाडा आहे, आतून उजेड दिसतोय. काय करता?" खेळणारे सांगतात काय करणार. जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. बास, एवढंच. बाकी सगळं बोलण्यात.

आम्ही पाच जण नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. २०१५ ला कुणीतरी त्याचे फुकट मिळणारे मूळ नियम उतरवून आणले आणि हॉस्टेलच्या खोलीत आमचं सुरू झालं. वीस तोंडांचा फासा कुठून आणणार? चिवड्याच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकायचो आणि उचलायचो. सूत्रधार मी, कारण इंग्रजी नियम वाचायचा कंटाळा फक्त मला नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत सूत्रधार मीच. लॉकडाऊनमध्ये खेळ ऑनलाइन गेला तो तिथेच राहिला. आता दोघं पुण्यात, एक हैदराबादला, एक नांदेडलाच आणि एक लातूरला.

एवढ्या वर्षांत मी दुसऱ्याने लिहिलेली मोहीम कधी चालवली नव्हती. बाजारात तयार मोहिमा ढिगाने मिळतात. नकाशा, पात्रं, खलनायक, खजिना, सगळं छापील. पण माझ्या लेखी ते म्हणजे गाईड वाचून परीक्षा देणं. नवशिक्यांसाठी ठीक आहे, आपण काय नवीन आहोत का? मी कंधारच्या किल्ल्यावर मोहीम लिहिली होती, खंदकातल्या पाण्याखाली दार असलेली. माहूरच्या जंगलावर एक लिहिली, ती दीड वर्ष चालली. चार तासांच्या खेळासाठी सहा-आठ तास लिहीत बसायचो. कॉलेजात ते परवडायचं. लेक्चरला मागच्या बाकावर बसून नकाशेच काढायचो :)

आता नाही परवडत. रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून फोन येतो, शनिवारी रिलीज असतं. शुक्रवारी रात्री कोरी फाइल उघडायची आणि तिच्याकडे बघत झोपायचं, असं चाललं होतं.

तर लातूरवाल्याचा फोन.

"काय बे, काय करायलास तू? चार शनिवार झाले."

"अरे लिहायला वेळच भेटत नाही यार."

"मग लिहू नको ना. कोण म्हणलं तुला लिही म्हणून? दुसऱ्याचं घे. पण खेळ घे."

"दुसऱ्याचं घेऊन मजा नाही येत बे."

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "तुला मजा नाही येत. माझं काय?"

ह्या गड्याच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. हा नोकरी सोडून लातूरला परत गेला आणि घरचं हार्डवेअरचं दुकान सांभाळायला लागला. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान, मग वडिलांचं जेवण, औषधं, कूस बदलणं. शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेबारा त्याची आई वडिलांजवळ बसते आणि हा आतल्या खोलीत हेडफोन लावून बसतो. "आठवड्यात तेवढे तीन तास मला कुणी बिल मागत नाही, गोळी मागत नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी चार आठवडे त्याचे ते तीन तास खाऊन टाकले होते. का? तर मला दुसऱ्याचं वापरायला लाज वाटत होती.

हो म्हणून फोन ठेवला, तरी मन तयार होईना. तेवढ्यात दिवाळी आली, नांदेडला घरी गेलो.

आमचे आबा शाळामास्तर होते आणि चाळीसेक वर्षं त्यांनी नारदीय कीर्तन केलं. रामनवमी, दासनवमी, कुणाकडचा उत्सव, असं आजूबाजूच्या गावांमधून. आता दम लागतो म्हणून बंद आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची ट्रंक माझ्या वाट्याला आली. आत चिपळ्या, उपरणं आणि आख्यानांची पुस्तकं. बरीचशी दासगणू महाराजांची.

दासगणू आमच्या भागात सगळ्यांना माहीत. मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, १८६८ ते १९६२. आधी पोलिस खात्यात नोकरी, मग सगळं सोडून कीर्तन. त्यांचं गोरटे आमच्याच जिल्ह्यात, उमरी तालुक्यात. 'गजानन विजय' त्यांचाच हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण कीर्तनकारांना त्यांचं देणं वेगळं आहे. संतांच्या चरित्रांवर त्यांनी पुष्कळ आख्यानं रचली आणि दुसऱ्या कीर्तनकारांनी ती उचलली, गावोगाव नेली.

ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकलं नाही त्यांच्यासाठी: ह्याचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण. मग मध्यंतर, बुक्का-हार. नंतर उत्तररंग, त्यात आख्यान, म्हणजे गोष्ट. छापील आख्यानात आर्या, साकी, दिंडी, कटाव अशी पद्यं असतात. दोन पद्यांच्या मधलं बोलणं मात्र कीर्तनकाराचं स्वतःचं. पुस्तकात खांब असतात, भिंती त्यानं उभ्या करायच्या.

आबांच्या पुस्तकांत समासात सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा. "इथे थांबणे." "मुले फार असल्यास गाळणे." "बायका रडतात, लांबवू नये." एका पानावर नुसतंच "पाऊस आल्यास इथून शेवटाकडे".

मी विचारलं, "आबा, तुम्ही एवढी वर्षं कीर्तन केलं. स्वतःचं आख्यान का नाही लिहिलं?"

"लिहिलं होतं की. दोन लिहिले उमेदीत. करूनही बघितले."

"मग?"

"मग काय? सगळं ध्यान माझ्या रचनेवर. पुढची ओळ आठवायलोय, यमक बरोबर बसलं का बघायलोय. समोर माणूस जांभई देतोय, ते दिसतच नव्हतं मला." ते हसले. "दासगणूंचं घेतलं की रचनेची काळजी नाही. ती चांगलीच आहे. मग डोळे मोकळे राहतात, लोकांकडं बघायला."

"पण नवीन असताना पुस्तक लागतं, नंतर कशाला?"

"उलटं आहे रे. नवीन असताना मी पुस्तक पाठ म्हणायचो, तो काही उपयोग नव्हे. त्याचा उपयोग करायला मला वीस वर्षं लागले."

मला आमची माहूरची मोहीम आठवली. लातूरवाल्याच्या पात्राला एकदा जंगल सोडून नदीकाठच्या बाजारात जायचं होतं. मी त्याला जाऊच दिलं नाही. पूल पाडला, वादळ आणलं, काय काय केलं. कारण जंगलातला प्रसंग मी तीन रात्री जागून लिहिला होता आणि तो मला ऐकवायचा होता. तो तेव्हाही काही बोलला नाही. जांभया दिल्या असतील तर मला कळायचं काही कारण नव्हतं.

परत आल्यावर जरा वाचलं. मजा म्हणजे हा अहंकार माझा एकट्याचा नाही, खेळाच्या जन्मापासूनचा आहे. खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीला सुरुवातीला वाटायचं की सूत्रधार आपापलं रचतील, तयार मोहिमा कोण विकत घेणार? म्हणून १९७६ च्या सुमारास बाहेरच्या लोकांनी त्या छापायला घेतल्या. टीएसआरच्या स्वतःच्या स्वतंत्र मोहिमा १९७८ साली आल्या, राक्षसांच्या गढ्यांवरच्या, खुद्द गायगॅक्सने लिहिलेल्या. त्या आल्या स्पर्धांमधून. एका संमेलनात अनेक टेबलांवर एकाच वेळी खेळ चालवायचा तर सगळ्या सूत्रधारांच्या हातात एकच मजकूर लागणार. म्हणजे तयार मोहिमा काही नवशिक्यांच्या कुबड्या म्हणून जन्मल्या नाहीत. अनुभवी लोकांची ती गरज होती. आणि आपण तरी ऑफिसात सॉर्टिंगचा कोड स्वतः लिहितो का? लायब्ररी उचलतो. तिथे लाज वाटत नाही.

अर्थात सगळंच छापील चांगलं नसतं. काही मोहिमांत राजाच्या सात पिढ्यांचा इतिहास दहा पानं असतो आणि खेळणाऱ्यांना त्यातलं कधीच काही कळत नाही. काहींत मोठ्याने वाचून दाखवायचे लांबलचक परिच्छेद असतात. तिसऱ्या वाक्याला लोक मोबाइल बघायला लागतात. मला लागतं ते थोडं: नकाशा, कोणाला काय हवंय, आणि खेळणारे गेलेच नाहीत तर पुढे काय होईल. म्हणजे खांब. भिंती आम्ही घालू.

मी २०१४ च्या स्टार्टर सेटमधली 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' घेतली. अगदी नवशिक्यांची म्हणून ओळखली जाणारी. शुक्रवारी रात्री तासभर वाचली आणि समासात पेन्सिल चालवली. फँडलिन गावाचं औसा केलं, किल्ल्यासकट. हरवलेली खाण नेली खरोशाच्या लेण्यांत. रस्त्यावर मेलेले घोडे आणि दबा धरून बसलेले गॉब्लिन तसेच ठेवले.

पुढे गॉब्लिनांची गुहा आहे. तिच्यातून ओढा वाहतो आणि आत त्यांनी पाणी अडवून ठेवलंय. कुणी घुसलं की ते पाणी सोडून देतात आणि लोंढ्यात माणसं वाहून जातात. मी लोंढा सोडला. तिघं फासे टाकायला लागले. लातूरवाला गप्प.

मग हेडफोनमधून आवाज आला, "थांब थांब. पाणी सोडून दिलं? असंच?"

"हो. सगळं."

"अरे आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं बे! आणि हे बिनडोक ओढ्यात सोडून द्यायलेत?"

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. आम्ही तेव्हा नांदेडला पहिल्या वर्षाला होतो आणि ह्याचे वडील दुकान बंद ठेवून घागरी घेऊन रांगेत उभे राहायचे.

त्यानंतर जे झालं ते पुस्तकात नाही. म्हणजे थोडं आहे. गुहेत यीमिक नावाचा एक गॉब्लिन आहे, त्याला आपल्या सरदाराचा काटा काढायचाय आणि तो खेळणाऱ्यांशी सौदा करू बघतो. एवढा खांब लेखकाने दिलाय. पण लातूरवाल्याने सौद्यात खजिना मागितलाच नाही. त्याने पाणी मागितलं. सरदाराला हाकलून देतो, त्या बदल्यात बांध आमचा, आणि औशाला दिवसाआड पाणी सुटणार. तीन तास त्या गॉब्लिनाशी वाटाघाटी! किती मडकी, कोणाची पाळी, बांधाची राखण कोण करणार. हैदराबादवाल्याने हिशेबाची एक्सेल शीट केली. मी काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला काहीच वाचवायचं नव्हतं. मी नुसता ऐकत होतो आणि मधूनमधून गॉब्लिनाच्या आवाजात किंमत वाढवत होतो. साडेबाराला थांबायचं ते दीड वाजला.

ह्याला आता बरेच महिने झाले. एखाद-दुसरा शनिवार सोडला तर खेळ चुकलेला नाही. खाण अजून सापडलेली नाही, कारण कुणी शोधतच नाहीये. सगळे पाणीपुरवठा खात्यात आहेत.

परवा फोनवर लातूरवाला म्हणाला की रविवारी सकाळी दाढी करून देताना वडील विचारतात. बोलणं अजून अडखळतं त्यांचं, पण शनिवारी दार उघडं असतं तेव्हा ऐकू जातं म्हणे. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "त्या... बांधाचं... काय झालं रे?" त्याने सांगितलं, सरदार परत आलाय, माणसं घेऊन. वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, रात्री राखणीला दोघं ठेवा, एक पुरत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी दोघं राहणार आहेत. मला पुस्तकातली सरदाराची चार पानं वाचून ठेवायची आहेत. तेवढी वाचतो आणि झोपतो.