डॉक्टरांनी पोटऱ्या पाहिल्या
निपाणीचे मामा रात्रभराच्या बसने बेंगळुरूला आले आणि उतरताच धाप लागून बाकड्यावर बसले. श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचत होतं. मला एवढंच सुचलं की हे हृदयाचं असणार. रिक्षा थेट जयदेवला नेली.

बन्नेरघट्टा रस्त्यावरचं हे सरकारी हृदयरोग रुग्णालय इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आता यलो लाइनवर त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. डॉ. सी. एन. मंजुनाथ संचालक असताना ‘आधी उपचार, पैसे नंतर’ ही तिथली ओळख झाली. कर्नाटकातल्या दूरदूरच्या गावांतून आलेली माणसं बाहेर पिशव्या घेऊन बसलेली असतात. त्या गर्दीत मी कागद धरून उभी होते आणि कोणत्या खिडकीत काय मागायचं, हेही कळत नव्हतं.

ईसीजी झाला. छातीवर सहा आणि हातापायांना चार ठिकाणी जोडण्या, त्यातून बारा आलेख. हार्ट अटॅकची खूण नाही म्हणाले. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांना नाही. नाडी फार जलद होती, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८८ दाखवत होता. एक्स-रे आला, तोही जवळजवळ स्वच्छ. इथे माझी मती गुंग झाली. हृदयाचा झटका नाही, फुप्फुसात डाग नाही, मग समोरचा माणूस धापा का टाकतोय?

डॉक्टरांनी मामांची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी जाड भरली. ते कन्नडमध्ये विचारत होते, मामा कन्नडमध्येच उत्तरं देत होते, आणि या शहरात राहणाऱ्या मला त्यातलं काही समजत नव्हतं. शेवटी मामाच माझ्याकडे वळून म्हणाले, “प्लास्टर काढल्यापासनं सुजलाय गं. त्यात काय एवढं?”

सगळा उलगडा तिथेच होता. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाय प्लास्टरमध्ये अडकला, त्यानंतर माणूस रात्रभर बसमध्ये एका जागी बसला, की खोल शिरांत रक्त साकळतं आणि गाठ धरते. तिचा तुकडा सुटला, की तो मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या भागात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. पुढे हवा पोचते, रक्त पोचत नाही. म्हणूनच एक्स-रे साफ दिसू शकतो. फुप्फुसातल्या अशा गाठी पायांच्या शिरांतून येतात, हे रुडॉल्फ विरचो यांनी १८४६ मध्येच मांडलं होतं.

मग तपासण्यांचा अर्थ लागू लागला. इकोमध्ये हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला दिसला, कारण तो अडलेल्या वाटेवर जोर लावत होता. पायाच्या डॉपलरमध्ये तंत्रज्ञ शिरेवर दाब देऊन पाहत होते. निरोगी शीर दाबली की मिटते, गाठ असलेली मिटत नाही. मामांची मिटली नाही. शिरेत रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटीत फुप्फुसातला अडथळा नेमका सापडला.

गाठ विरघळवणारं औषध ताबडतोब द्या, असं मी म्हणत होते. डॉक्टरांनी शांतपणे नकार दिला. त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाब कोसळला तरच तो धोका पत्करायचा. मामांचा रक्तदाब टिकून होता. म्हणून पोटाच्या कातडीखाली हेपरिनची इंजेक्शनं आणि पुढे गोळ्या. हेपरिन गाठ विरघळवत नाही, ती वाढू देत नाही; विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू स्वतः करतं. हे ऐकूनही रात्रभर माझे डोळे त्या रक्तदाबाच्या आकड्यावरच होते.

गोळ्या किमान तीन महिने चालतात. मध्येच बंद करायच्या नाहीत, आणि त्या चालू असताना मनाने दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कारण रक्तस्राव वाढू शकतो.

इको आणि सीटी महत्त्वाचे होतेच, पण माझ्या मते निदान झालं ते पोटऱ्या पाहिल्यामुळे. म्हणून एवढं सांगते. ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दम लागला म्हणून गेलात, तर कुणी विचारो न विचारो, पायाची सूज डॉक्टरांना सांगा.