डब्यांनी भरलेली फळी

२०१६ मध्ये रोकडविरहित गाव म्हणून धसईचं नाव वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याच धसईत मुलांचा गृहपाठ घ्यायला मी एक छोटं वेब ॲप्लिकेशन बनवलं. रोज दोन-तीन ओळींचं उत्तर, कधी उर्दूत, कधी मराठीत. प्रत्येक उत्तराची वेगळी फाइल. सर्व्हरवर ५० एमबी जागा भाड्याने घेतली होती.

एके दिवशी एका मुलीचं उत्तर आलं नाही. "सर, मी पाठवलं होतं." मी स्क्रीन दाखवली: वापर जेमतेम ४ एमबी. "जागा भरपूर आहे, मग खोटं कोण बोलतंय?" असं भर वर्गात बोलून गेलो.

रात्री सर्व्हरवर 'डीयू' ही आज्ञा चालवली. ५० एमबी भरलेले!

माझं ॲप्लिकेशन फाइलींतल्या मजकुराची बेरीज करत होतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत उर्दू अक्षराला २ बाइट लागतात, मराठी अक्षराला ३. काना, वेलांटीचे ३ वेगळे. तरी एक फाइल तीनशे बाइटांची. पण डिस्क जागा देते ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत. अम्मीच्या फळीवर चिमूटभर जिऱ्यालाही अख्खा डबा लागतो, तसंच. १२,२०० फाइली म्हणजे १२,२०० डबे.

आता ॲप्लिकेशन डबे मोजतं. दर वेळी सगळं फोल्डर चाळलं तर पान रखडतं, म्हणून तासातून एकदा मोजून आकडा लिहून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गातच तिची माफी मागितली. एकांतात मागितली असती, तर तेही माप कमीच भरलं असतं.