फिर्यादीची मराठी

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला वस्तीत एक जादाचं काम आपोआप चिकटतं. निकाहनामा उर्दूत असतो आणि कोर्टाचं काम मराठीत चालतं. त्यामुळे वकिलाला मजकूर कळावा म्हणून लोक तर्जुमा करून घ्यायला येतात. पूर्वी पासपोर्टसाठी, आखातातल्या नोकरीसाठी यायचे. आता येणारे बहुतेक कागद मोडलेल्या किंवा मोडायला आलेल्या निकाहांचे असतात. सोबत पोलिसातल्या फिर्यादीची प्रतही असते. उर्दू माध्यमात शिकलेल्या बापाला ती वाचता येते, पण कळत नाही. पोलिसी मराठी तशी कोणालाच धड कळत नाही म्हणा.

या फिर्यादी वाचताना मला गाइडमधून उतरवलेले निबंध आठवतात. "लग्नानंतर सुरुवातीचे काही महिने चांगले नांदवले. त्यानंतर क्षुल्लक कारणावरून वाद घालून, माहेरहून पैसे घेऊन ये म्हणून शिवीगाळ व मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला." नावं बदलतात. रक्कम बदलते, कधी गाडीसाठी दोन लाख, कधी घरासाठी पाच. आरोपींचा क्रमसुद्धा ठरलेला असतो: नवरा, सासरा, सासू, दीर, नणंद. आणि शेवटी "वरील सर्वांनी संगनमत करून". वीस वह्यांत एकच वाक्य सापडलं की मास्तराला कळतं की मुलांनी लिहिलेलं नाही, कोणीतरी लिहून दिलं आहे. पण त्या वीसपैकी एखाद्या मुलाने ते खरंच अनुभवलेलं असेल, तर ते कळायला मार्ग राहत नाही. आमची सगळी अडचण इथे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, मोटार मेकॅनिक. २०२१ मध्ये निकाह झाला, २०२३ मध्ये बायको माहेरी गेली आणि २०२४ च्या सुरुवातीला फिर्याद दाखल झाली. भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ. नवरा, आई, बाप आणि बहीण असे चार आरोपी. बहिणीचा निकाह २०१६ मध्येच होऊन ती विजापूरला गेलेली. भावाच्या घरी ती ईदला यायची, दोन दिवस राहून परत जायची. फिर्यादीत मात्र ती रोज टोमणे मारते, जेवणाचं ताट ओढून घेते. चौघांनी अटकपूर्व जामीन घेतला. बापाने त्यासाठी गॅरेजची जागा गहाण टाकली.

पोरगा कागद घेऊन आला तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, हमने तो कुछ मांगेच नै."

मागितलं नसेलही. पण मी त्याला विचारलं, तू ज्या मोटारसायकलवर आलास ती कोणाची? तो गप्प झाला. मग म्हणाला, ती तर त्यांनी खुशीने दिली होती.

हे "खुशीने" मी फार ऐकलं आहे. आमच्याकडे हुंडा नाही, आमच्यात उलट मुलगाच महर देतो, असं आम्ही छाती पुढे काढून सांगतो. कागदावर ते खरं आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही महर हुंड्याच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. पण या मेकॅनिकच्या निकाहनाम्यात महर होता ५,०५१ रुपये आणि तोही उधार. मुलीच्या घरून आलेली गाडी, फ्रीज, कपाट, पलंग, तीन तोळे सोनं आणि चारशे माणसांचं जेवण यांचा कागदावर पत्ता नाही. निकाहनाम्यात त्यासाठी रकानाच नसतो.

महरच्या रकान्याविषयी थोडं सांगतो, विषयांतर वाटलं तरी. ताबडतोब द्यायच्या महरला उर्दूत 'मुअज्जल' म्हणतात, त्यात ऐन हे अक्षर असतं. मुदतीने द्यायच्या महरलाही 'मुअज्जल'च म्हणतात, पण त्यात हमजा असतो. अर्थ एकमेकांच्या उलट आणि बोलताना उच्चार जवळजवळ सारखा. देवनागरीत उतरवलं तर फरक पूर्ण पुसला जातो. म्हणून मी तर्जुम्यात सरळ 'रोख' आणि 'उधार' लिहितो. निकाहाच्या मजलिसीत किती जणांना हा फरक माहीत असतो, हे मी कधी विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

तर मुद्दा नोंदीचा. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये नियम झाले. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी लिहायची, कोणी काय दिलं, अंदाजे किंमत किती, नातं काय, आणि त्यावर वधू-वरांनी सह्या करायच्या. वधूला मिळालेल्याची एक यादी, वराला मिळालेल्याची दुसरी. चाळीस वर्षं झाली. मी एवढे निकाहनामे हाताळले, अशी यादी एकदाही पाहिली नाही. हिंदू मित्रांना विचारलं तर त्यांनीही पाहिलेली नाही. संसार मोडला की मग यादी तयार होते. तीन तोळ्यांचे साडेपाच तोळे होतात. समोरून उत्तर येतं की सोनं आलंच नव्हतं. दोन्ही बाजू खोटं बोलतात आणि दोन्ही बाजूंना ते बोलता येतं, कारण खरं कुठे लिहिलेलंच नाही.

कलम ४९८-अ १९८३ मध्ये आलं ते काही कोणाच्या लहरीने आलं नव्हतं. स्टोव्हच्या भडक्यात सुना जळत होत्या आणि प्रत्येक वेळी तो अपघात ठरत होता. आजही सरकारी नोंदीत देशात वर्षाला सहा हजारांवर हुंडाबळी आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत अहमदाबादच्या एका तरुणीने हसत व्हिडिओ करून साबरमतीत उडी घेतली. ती मुसलमान होती. तेव्हा आठ-पंधरा दिवस जुम्याच्या खुतब्यांत जहेजवर बोललं गेलं. नंतर हॉल बुक होऊ लागले.

पण हेही तितकंच खरं की या कलमाखाली कोणाला पकडलं जात होतं ते पाहून सर्वोच्च न्यायालयाला थांबून विचार करावा लागला. २००५ मध्ये न्यायालयाने कलम घटनेशी सुसंगत ठरवलं आणि त्याचबरोबर गैरवापराला 'कायदेशीर दहशतवाद' म्हटलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा भाग फिरतो, पहिला नाही. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्याच्या निकालात आकडे आहेत. २०१२ या एका वर्षात या कलमाखाली १,९७,७६२ लोकांना अटक झाली. त्यात ४७,९५१ बायका होत्या, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश. आरोपपत्रं ९३.६ टक्के प्रकरणांत दाखल झाली, शिक्षा १५ टक्क्यांत. न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की लगेच बेड्या घालू नका, अटक का हवी ते लिहा, आधी नोटीस द्या. त्याआधीच्या काळात म्हाताऱ्या सासवा शुक्रवारी संध्याकाळी उचलल्या जायच्या, म्हणजे सोमवारपर्यंत जामीन नको. हे मी आमच्याच मोहल्ल्यात पाहिलं आहे.

शिक्षा होत नाही म्हणजे बाकीच्या सगळ्या फिर्यादी खोट्या, हा हिशेब मात्र मला पटत नाही. मधे समझोता होतो, मुलीचा बाप दमतो, तिचं दुसरं लग्न ठरतं, शेजारी साक्ष द्यायला येत नाहीत. सुटका आणि खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुसलमान नवऱ्याच्या बाबतीत २०१९ पासून आणखी एक भर पडली आहे. एका दमात तीन तलाक दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद. २०१७ मध्ये न्यायालयाने असा तलाक रद्दबातल ठरवला याचा मला आनंद झाला होता आणि आजही आहे. पण जो शब्द उच्चारून निकाह तुटतच नाही, त्यासाठी तुरुंग का, हा प्रश्न तेव्हाही होता. आता काही फिर्यादींच्या शेवटी एक ओळ येते: "आणि तीन वेळा तलाक असे म्हणून घराबाहेर काढले." कुठे, कधी, कोणासमोर, काही नाही. काही ठिकाणी तर सासूलाही त्यात गोवलं गेलं. तलाक सासू कशी देणार? हे सांगायला २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

मेकॅनिकच्या प्रकरणात पुढे दोन्ही घरांनी मला मधे घेतलं, समझोत्याचा कागद लिहायला कोणी तरी हवं म्हणून. तिथे त्याची बायको पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. निकाहाच्या वेळी ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेला बसू देऊ असं ठरलं होतं, नंतर बसू दिलं नाही. नवरा कामासाठी पुण्याला आणि ही सासूजवळ. तिला निघायचं होतं. तिने तीनदा खुला मागितला. पोरगा म्हणाला, सोडणार नाही. जमातीच्या बुजुर्गांनी सबर करायला सांगितलं. अकरा महिने असे गेले. मग तिचा भाऊ वकिलाकडे गेला. तिला मी विचारलं, दोन लाखांची मागणी कोणी केली होती? ती म्हणाली, "पैशांचं मी बोललेच नव्हते. त्यांनी लिहिलं. म्हणाले, त्याशिवाय बसत नाही."

वकिलाची अडचण मला कळते. ४९८-अ मध्ये क्रौर्य म्हणजे एक तर बाईला आत्महत्येकडे ढकलणारी किंवा तिच्या जिवाला, तब्येतीला गंभीर धोका पोहोचवणारी वागणूक, नाहीतर पैशासाठी जाच. शिक्षण तोडणं त्या चौकटीत सहज बसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळ बसतो, पण त्याने पोलीस दारात येत नाहीत. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम बाईला कोर्टातून निकाह संपवता येतो, पण तारखांवर तारखा. मग तिची खरी तक्रार बाजूला ठेवून दुसरी, चालणारी तक्रार लिहिली गेली. आणि ती चाललीही. जो खुला अकरा महिने मिळत नव्हता, तो फिर्यादीनंतर एका बैठकीत मिळाला. गाडी परत गेली, तीन तोळे परत गेले, उधार महर तिने सोडला.

विजापूरच्या बहिणीचं नाव घालणं हे मात्र खोटं होतं. मी ते दोन्ही घरांसमोर बोललो. मुलीच्या भावाने मान खाली घातली, पण फिर्याद काही मान खाली घालत नाही.

याच सुमारास दुसरी एक बाई आली. तिचीही फिर्याद त्याच साच्यातली होती, शब्द न् शब्द. ठाण्यात तिला सांगण्यात आलं होतं की सगळ्या असंच लिहितात. तिच्या उजव्या दंडावर इस्त्रीचा डाग होता, टोकदार बाजूसकट. फिर्यादीत इस्त्रीचा उल्लेखच नव्हता. लिहिणाऱ्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तारीख विचारली तर आठवेना. मग म्हणाली, अठरावा रोजा होता, इफ्तारीच्या आधी. २०२३ चा रमजान आपल्याकडे २४ मार्चला सुरू झाला. अठरावा रोजा म्हणजे १० एप्रिल, सोमवार. सरकारी दवाखान्याचा केसपेपर तिने पिशवीतून काढला, त्यावर ११ एप्रिल होतं. रात्री जाऊ दिलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी गेली होती. पुरवणी जबाबात हे सगळं तिच्याच शब्दांत घातलं. रोज्याचा आकडासुद्धा.

तिच्या नवऱ्याचे नातेवाईक बाहेर सांगत फिरतात की हल्ली बायका कायद्याचा गैरफायदा घेतात. त्यांना उदाहरण विचारलं की ते मेकॅनिकचं देतात.

१ जुलै २०२४ पासून जुनं कलम जाऊन भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आली, मजकूर जवळपास तोच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की नेमका आरोप नसताना नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांची नावं घातली असतील, तर ते प्रकरण सुरुवातीलाच थांबवलं पाहिजे. मेकॅनिकच्या वकिलाने त्याच आधारावर उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. मुलीची संमतीही जोडली आहे. निकाह एका बैठकीत संपला, गुन्हा अजून संपायचा आहे. बहिणीची तिकडे एका शाळेत निवड झाली होती, पण चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाला आणि नेमणूक थांबली.

ती मागच्या महिन्यात घरी आली होती, मुलाला कडेवर घेऊन. शिक्षण उर्दू आणि कन्नडमधलं, मराठी बोलता येते पण वाचायला अडखळते. फिर्यादीची प्रत तिने माझ्यासमोर उघडली. दोन वर्षं बाळगून घड्यांवर फाटायला आली होती. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "सर, ये संगनमत बोले तो क्या?"

मी म्हणालो, "साज़िश."